घराला स्वतःची शैली कशी येते : रायपूर आणि छत्तीसगडच्या परंपरेतून

रायपूर : नव्या घराच्या किल्ल्या हाती आल्या की बहुतेक कुटुंबे सजावटीचा विचार दोनपैकी एका मार्गाने करतात. मोबाइलमध्ये साठवलेल्या शेकडो छायाचित्रांतून एखादे निवडून ते जसेच्या तसे उभे करण्याचे काम ठेकेदाराकडे सोपवले जाते. किंवा सध्या जे चालते ते घेतले जाते, म्हणजे राखाडी भिंत, लॅमिनेटचे टीव्ही युनिट, छताला पीओपीची चौकट आणि तिच्यात दडवलेले दिवे. दोन्ही मार्गांनी घर नीटनेटके होते. मात्र ते घर रायपूरमधील आहे, पुण्यातील आहे की गुरुग्राममधील, हे आत आलेल्या पाहुण्याला ओळखता येत नाही. पुष्कळदा तेथे राहणाऱ्यांनाही ते दोन वर्षांत परके वाटू लागते आणि पुन्हा खर्चाची तयारी सुरू होते.

गृहसजावटीची प्रेरणा कोठून घ्यावी आणि आपली आवड पारखून तिला निश्चित रूप कसे द्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर छत्तीसगडमध्येच सापडते. हे उत्तर ज्या स्त्रीने दिले, तिने आयुष्यात सजावटीचे एकही पुस्तक पाहिले नव्हते.

सुरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा या खेड्यात सोनाबाई रजवार राहत असत. लहान वयात त्यांचा विवाह वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषाशी झाला. पतीच्या इच्छेमुळे त्यांना सुमारे पंधरा वर्षे घराबाहेर जवळजवळ पडता आले नाही, असे त्यांच्या जीवनाचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक स्टीफन हायलर यांनी नोंदवले आहे. सोबतीला लहान मुलगा होता आणि हाताशी होती अंगणातील माती. मुलाच्या करमणुकीसाठी त्यांनी मातीची चित्रे व खेळणी घडवायला सुरुवात केली. पुढे भिंतींवर माणसे, पक्षी, माकडे, झाडे उठावात उमटू लागली. घरात उन्हाचा ताप होता. तेव्हा त्यांनी बांबूच्या बारीक कांबी वाकवून वर्तुळे केली, ती एकमेकांना बांधली, त्यांवर मातीचा थर दिला आणि व्हरांड्याच्या खांबांमध्ये जाळ्या बसवल्या. वारा आत येऊ लागला, ऊन गाळून येऊ लागले आणि जाळीतून पडणाऱ्या सावल्या जमिनीवर नक्षीसारख्या पसरू लागल्या. जाळीच्या गोलांतून पक्षी, साप, नर्तक बसवले गेले. रंग आजूबाजूच्या मातीतून, खनिजांतून व वनस्पतींतून आले.

भारत भवन ही संस्था भोपाळमध्ये १९८२ साली सुरू झाली. तिच्या संग्रहासाठी गावोगावी फिरणाऱ्या पथकांना हे घर दिसले आणि सोनाबाईंचे नाव बाहेरच्या जगाला कळले. १९८३ मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील मिंगे आंतरराष्ट्रीय संग्रहालयात भरले. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांचे निधन झाले होते. त्यांचा मुलगा दरोगाराम यांच्यासह कुटुंबातील व परिसरातील अनेकांनी ही कला पुढे चालवली. आज 'रजवार भित्तिशिल्प' या नावाने ती शासकीय इमारतींच्या भिंतींवर आणि शहरातील उपाहारगृहांतही आढळते.

सोनाबाईंची कहाणी एकांतवासाची आहे आणि त्या एकांतवासाचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. सजावटीच्या दृष्टीने मात्र तिच्यात लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे. जाळी ही आधी शोभा नव्हती, ती उन्हावरचा उपाय होती. चित्रे ही पाहुण्यांसाठी नव्हती, ती घरातल्या एका मुलासाठी होती. साहित्य दारातले होते आणि तंत्र समाजाच्या परंपरेतून आलेले होते. भाताची कापणी आटोपल्यावर घराच्या भिंती लिंपून सजवण्याची प्रथा रजवार स्त्रियांमध्ये पूर्वापार आहे. गरज, माणूस, साहित्य आणि परंपरा या चार गोष्टी एकत्र आल्या आणि जी शैली उभी राहिली, ती दुसऱ्या कोणाची वाटू शकत नाही.

शहरातील सदनिकेलाही हाच क्रम लावता येतो, आणि त्याची सुरुवात हवामानापासून करावी लागते. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. त्यानंतर जूनच्या मध्यापासून दमट पावसाळा असतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून सोफा ठेवला, तर एप्रिलपासून त्यावर दुपारी कोणी बसत नाही, हे येथील कुटुंबे अनुभवाने जाणतात. मोठ्या काचेच्या खिडक्या थंड देशांतील छायाचित्रांत सुंदर दिसतात, कारण तेथे ऊन हवेहवेसे असते. रायपूरमध्ये त्या काचेवर लगेच जाड पडदा येतो आणि खिडकीचा हेतूच संपतो. त्याऐवजी वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा, खिडकीबाहेर थोडी झाप, आत हलका सुती पडदा, अशी तीन पदरी रचना अधिक उपयोगी पडते.

दुसरी अडचण धुळीची. शहरालगतच्या उरला व सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत आणि गच्चीवर, बाल्कनीत बसणारी काळी धूळ हा रायपूरकरांच्या तक्रारीचा जुना विषय आहे. त्यामुळे कोरीव पट्ट्या, उघडी मांडणी, जाड लोकरी गालिचा, छताची खोबण या गोष्टी येथे निवडणे म्हणजे रोजचे एक काम वाढवून घेणे होय. ते काम घरातील कोण करणार, हा प्रश्न सजावटीच्या आराखड्यात क्वचितच विचारला जातो. पुसता येईल असा पृष्ठभाग, धुता येईल असे कापड आणि उचलून हलवता येईल असे फर्निचर ही पहिली कसोटी मानली, तर अर्ध्या चुका टळतात.

प्रेरणेसाठी पाहायचे काय? रायपूर शहरात आणि एका दिवसाच्या प्रवासात पाहण्यासारखे बरेच आहे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या नावाचे संग्रहालय १८७५ पासून रायपूरमध्ये असून देशातील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. तेथील सिरपूरच्या कांस्यमूर्ती पाहताना धातू, सावली आणि पार्श्वभूमी यांचे नाते सहज लक्षात येते. नवा रायपूरमधील पुरखौती मुक्तांगण २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुले झाले. तेथे राज्यातील विविध समाजांच्या घरांची रूपे, भिंतींवरील चित्रे आणि लोखंड-लाकडाची कामे एकाच आवारात पाहता येतात. त्यातील एका विभागाचे नाव 'आमचो बस्तर' असे आहे. हल्बी भाषेतील हा 'आमचो' मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

महानदीकाठचे सिरपूर रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. सातव्या शतकातील लक्ष्मण मंदिर तेथे आहे. त्याचे शिखर विटांचे असून नक्षी विटांतच कोरलेली आहे. उघड्या विटांची भिंत सध्या सर्वत्र मागितली जाते आणि अनेक ठिकाणी ती विटांचे चित्र असलेला कागद चिकटवून भागवली जाते. ज्याने सिरपूर एकदा निवांत पाहिले, तो हा कागद घेण्यापूर्वी थांबेल, एवढे नक्की.

त्याहून जवळची प्रेरणा म्हणजे छत्तीसगडचे साधे ग्रामीण घर. पांढऱ्या मातीला येथे 'छुही' म्हणतात. छुहीने सारवलेली भिंत आणि खाली गेरूचा किंवा काळपट मातीचा पट्टा, ही या घरांची जुनी रंगसंगती. खालचा पट्टा गडद असतो, कारण पावसाचे शिंतोडे व पायांची धूळ तेथेच लागते. सजावट वर्षभर एकसारखी नसते, ती सणांप्रमाणे येते आणि जाते. हरेली अमावास्येला शेणाने भिंतीवर 'सवनाही' काढली जाते. जन्माष्टमीला आठ आकृत्यांचे 'आठे कन्हैया' भिंतीवर रंगवले जाते. दिवाळीच्या दिवसांत राऊत स्त्रिया 'हाथा' काढतात. नवे घर बांधताना ओल्या भिंतीवर उठावाची नक्षी केली जाते, तिला 'नोहडोरा' म्हणतात. तांदळाच्या पिठाचा 'चौक' तर प्रत्येक मंगलप्रसंगी असतोच. फ्लॅटच्या भिंतीवर शेण लावावे असे कोणी सुचवणार नाही. परंतु भिंतीचा खालचा अडीच-तीन फुटांचा भाग गेरूसारख्या गडद, धुता येणाऱ्या रंगाने रंगवून वरचा भाग पांढरट ठेवण्याची कल्पना लहान मुले असलेल्या घरात आजही तितकीच शहाणपणाची आहे. सणानुसार बदलता यावी म्हणून एक भिंत मोकळी ठेवणे हा त्याच परंपरेतला दुसरा धडा.

रायपूरच्या मराठी कुटुंबांपुढे या संदर्भात एक वेगळा प्रश्न असतो. छत्तीसगडशी मराठी माणसाचा संबंध नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये येथे आल्या आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. पुढे नोकरी, शिक्षण, वकिली आणि रेल्वे यांच्या निमित्ताने विदर्भातून येणाऱ्यांची भर पडत गेली. तात्यापारा हे वस्तीचे नावच त्या काळाची खूण सांगते. महाराष्ट्र मंडळ ही येथील मराठी समाजाची जुनी संस्था आज चौबे कॉलनीत आहे.

जुन्या वस्त्यांतील कौलारू घरे पाडून त्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत आणि पुढची पिढी शहराच्या नव्या भागांतील सदनिकांत जात आहे. सामान बांधताना काय न्यायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय एका आठवड्यात घ्यावा लागतो. शिसवी कपाट लिफ्टमध्ये मावत नाही. झोपाळ्याच्या कड्या स्लॅबला लावता येतील की नाही, याची खात्री नसते. पितळी डबे, पाट, समया, आजीचा फिरकीचा तांब्या, जाते यांपैकी बरेचसे भंगारात वजनावर जाते आणि दोन वर्षांनी तशाच वस्तू 'अँटिक' म्हणून दहापट किमतीने विकत आणल्या जातात. हे टाळायचे असेल, तर आधी सहा महिने कोणतीही जुनी वस्तू विकू नये. ती एका खोलीत झाकून ठेवावी. घर वापरात आल्यावर कोणती वस्तू आपोआप आठवते, ते पाहावे. आठवली ती ठेवावी. न आठवलेली नातेवाइकांना द्यावी; तिच्यासाठी अपराधी वाटून घेण्याची गरज नाही.

देवघराबाबत हा विचार विशेष करावा लागतो. तयार संगमरवरी देव्हारा घेऊन त्यात जुने लाकडी देवघर बसत नाही म्हणून देव तेवढे हलवायचे, असे बऱ्याच घरांत घडते. उलट क्रम शक्य आहे. देवघर, झोपाळा किंवा जुने जेवणाचे टेबल, यांपैकी एक वस्तू मध्यवर्ती मानून तिच्या लाकडाचा रंग, उंची आणि तिच्यावर पडणारा प्रकाश यांवरून बाकीच्या खोलीचा निर्णय घ्यावा. सागवानाच्या पिवळसर तपकिरी रंगाशेजारी थंड राखाडी भिंत सहसा मलूल दिसते. चुन्यासारखा उबदार पांढरा किंवा फिकट मातकट रंग त्याला उठाव देतो. लिव्हिंग रूम प्रशस्त दिसावी म्हणून झोपाळा काढून टाकणाऱ्या कुटुंबांना पुढे त्याच जागी एकट्या माणसाची आरामखुर्ची आणावी लागते, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

आवड पारखण्याची रीत साधी आहे, तिला वेळ मात्र द्यावा लागतो. छायाचित्रे जमवण्यास हरकत नाही. महिनाभर जमवावीत आणि नंतर एका बैठकीत पाहून प्रत्येकातील नेमके काय आवडले, ते एका शब्दात लिहावे. वीसपैकी बारा चित्रांत 'ऊन', 'झाडे' किंवा 'मोकळी जमीन' असे शब्द आले, तर त्या कुटुंबाला सोफ्याचा रंग निवडण्याची घाई नाही. त्याला सामान कमी करायचे आहे. हाच प्रयोग घरातील प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावा. नवरा-बायकोच्या याद्या जुळत नाहीत तेव्हा भांडण होते खरे, पण ते वीस हजारांचा पडदा शिवण्यापूर्वी झालेले बरे.

रंगाच्या बाबतीत कंपनीच्या छापील पट्टीवर विश्वास ठेवू नये. भिंतीवर दोन फूट लांब-रुंद तुकडा रंगवून तो सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्यात असा तीन वेळा पाहावा. पूर्वेच्या खोलीत शांत वाटणारा निळा रंग रात्री पांढऱ्या एलईडीखाली रुग्णालयासारखा दिसू शकतो. दिव्यांचा प्रश्न तर भारतीय घरांत रंगाहूनही दुर्लक्षित आहे. छताच्या मध्यभागी एकच प्रखर पांढरा दिवा असला, की भिंती, धातू, कापड सारे सपाट होते. बैठकीच्या खोलीत पिवळसर उजेडाचे दोन-तीन कमी उंचीवरचे दिवे आणि कामाच्या जागी पांढरा दिवा, एवढा बदल कमी खर्चात सर्वाधिक फरक घडवतो. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारता येत नाही, तेथेही हा बदल शक्य असतो.

छत्तीसगडच्या हस्तकलेतील वस्तू घरात आणताना जरा थांबून विचार करावा. बस्तरच्या ढोकरा धातुकामाला, तसेच तेथील लोहशिल्प व काष्ठशिल्पालाही भौगोलिक मानांकन लाभले आहे. ढोकरा घडवण्याची पद्धत जगातील अतिप्राचीन पद्धतींपैकी आहे. मोहेंजोदडोची प्रसिद्ध नर्तिका याच तत्त्वावर ओतलेली आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून आकृती करतात, तिच्यावर पुन्हा मातीचे थर देतात, भाजताना मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून एक वस्तू दुसरीसारखी होत नाही. बस्तरमध्ये घडवा समाज आणि रायगडजवळच्या एकताल गावात झारा समाज हे काम करतो. कोंडागावचे जयदेव बघेल यांनी या कलेला देशाबाहेर ओळख मिळवून दिली.

बाजारात यंत्राच्या साच्यातून काढलेल्या नकला पुष्कळ आहेत. पाच हत्ती रांगेत ठेवले आणि पाचही तंतोतंत सारखे निघाले, तर ते ढोकरा नव्हे. खऱ्या वस्तूवर मेणाच्या धाग्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात, थोडा वाकडेपणा असतो आणि पोकळीत अनेकदा भाजलेल्या मातीचा अंश उरलेला सापडतो. शासनाच्या 'शबरी' विक्री केंद्रांत या वस्तू मिळतात. रायपूरहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरील कोंडागावला जाऊन कारागिराच्या अंगणातूनही त्या घेता येतात. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण तेथे आकृतीचा अर्थ विचारता येतो. झिटकू-मिटकी ही जोडी शोभेची वस्तू म्हणून दुकानात असते. बस्तरमध्ये ती एका शोकान्त प्रेमकथेतील जोडी असून श्रद्धेने पूजली जाते. तिला चपलांच्या कपाटावर ठेवू नये, हे कळण्यासाठी शिष्टाचाराच्या पुस्तकाची गरज नाही.

एका खोलीत किती वस्तू असाव्यात, याला नियम नाही. तथापि ढोकराचा हत्ती, लोखंडी दीपस्तंभ, लाकडी मुखवटा आणि गोदना शैलीचे कापड एकाच भिंतीपाशी मांडले, की घराचे प्रदर्शन-विक्री केंद्र होते. सुरगुजातील गोदना म्हणजे अंगावर गोंदण्याच्या नक्षीचे कापडावर आलेले रूप. त्याची बारीक, दाट रेषा मोकळ्या भिंतीवर एकटीच शोभते. तशीच गोष्ट चांपा येथील कोसा रेशमाची. त्याचा नैसर्गिक मधासारखा रंग पडद्यांना मोहक दिसतो, पण थेट उन्हात रेशीम विरते. म्हणून कोसा उशीच्या अभ्र्यांना किंवा आतल्या भिंतीवरील पट्ट्याला वापरावा. भंडाऱ्याकडून आलेल्या कुटुंबांना कोसा परका नाही. आईच्या जुन्या करवती काठाच्या साडीचा निघालेला काठ चौकटीत बसवला, तर विकतच्या चित्राची गरज भासत नाही. जमिनीवर अंथरायला गालिचा हवाच असेल, तर मैनपाट येथे १९६० च्या दशकात वसलेल्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीतील विणकामाची परंपरा माहीत असावी.

देखभाल हा निवडीचाच भाग आहे. ढोकराच्या धाग्यांच्या रेषांत धूळ बसते. मऊ कोरड्या ब्रशने आठवड्यातून एकदा झटकणे पुरेसे असते. चिंच किंवा पावडर लावून ते देवाच्या भांड्यांसारखे लख्ख घासले, तर खोलगट भागातील गडद छटा जाते आणि आकृतीची धार हरवते. कोंडागावच्या लोहशिल्पाला पावसाळ्यात गंज चढतो. आषाढ लागण्यापूर्वी तेलाचा किंवा व्हार्निशचा पातळ हात द्यावा आणि ओलसर भिंतीपासून ते दूर ठेवावे. बांबूच्या वस्तूखाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली, तर आत भुंगा लागला आहे असे समजून ती वस्तू लगेच इतर लाकडापासून वेगळी करावी. नारायणपूरकडील कोरीव लाकडी फळ्या बाथरूमलगतच्या भिंतीवर टांगू नयेत. ही लाकूडकामाची परंपरा किती मोलाची आहे, याची जाणीव २०२३ मध्ये कांकेरचे अजयकुमार मंडावी आणि २०२५ मध्ये नारायणपूरचे पंडीराम मंडावी यांना मिळालेल्या पद्मश्री पुरस्कारांनी देशाला करून दिली.

एखादी वस्तू घराच्या मापाची हवी असेल, उदाहरणार्थ देवघरावरची घंटा, दाराचे हँडल किंवा खिडकीची जाळी, तर कारागीर ती ऑर्डरप्रमाणे करून देतात. माप फुटांत न सांगता कागदावर खऱ्या आकारात कापून न्यावे. त्याने गैरसमज टळतो. आगाऊ रक्कम देण्यास का-कू करू नये, कारण मेण आणि पितळ दोन्ही कारागिराला आधी विकत आणावे लागते. पावसाळ्यात मातीचे साचे वाळायला फार वेळ लागतो. त्यामुळे दिवाळीपर्यंत वस्तू हवी असेल, तर मागणी मे महिन्यातच नोंदवावी.